वाचक विचारतात: अ‍ॅडमिरल वॉटसनचे कागद वाचताना

विजयदुर्ग ऊर्फ घेरिया जिंकणारा ब्रिटिश आरमारी अधिकारी चार्ल्स वॉटसन (१७१४–१७५७) याच्याबद्दल आणि त्याच्या पत्रव्यवहाराबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

विजयदुर्गावरचा हल्ला एका पुस्तकात १२ फेब्रुवारी १७५६ ला दाखवला आहे, तर दुसऱ्यात १३ ला. खरी तारीख कोणती?

गुरुवार, १२ फेब्रुवारीची दुपार. मात्र १३ लिहिणाऱ्याने चूक केली असेलच असं नाही. कदाचित त्याने जहाजाच्या लॉगबुकातून, म्हणजे रोजच्या नोंदवहीतून, तारीख जशीच्या तशी उतरवून घेतली असेल.

ब्रिटिश आरमारात १८०५ पर्यंत समुद्रावरचा दिवस मध्यरात्री नाही, भर दुपारी बारा वाजता बदलत असे. सूर्य माथ्यावर आला की त्याची उंची मोजायची, अक्षांश काढायचा आणि लॉगचं नवं पान सुरू करायचं. हा दिवस जमिनीवरच्या दिवसाच्या बारा तास आधी सुरू होई. म्हणजे किनाऱ्यावर गुरुवार १२ तारखेची दुपार झाली की जहाजावर शुक्रवार १३ तारीख लागलेली असे. लॉगमधल्या '१३' या नोंदीत आधी दुपार, संध्याकाळ आणि रात्र येते, मग दुसऱ्या दिवसाची पहाट आणि सकाळ. नवख्या वाचकाला सकाळ आधी वाचायची सवय असते, त्यामुळे तोफा थंडावल्यानंतर हल्ला सुरू झाल्यासारखं दिसतं.

नियम सोपा आहे. लॉगमधली नोंद दुपारी बारानंतरची असेल तर तारखेतून एक दिवस वजा करायचा, मध्यरात्रीनंतरची असेल तर तारीख तशीच ठेवायची. पडताळ्यासाठी वाराचा रकाना बघावा. बऱ्याच लॉगमध्ये वाराच्या जागी ग्रहाचं चिन्ह असतं: शुक्रवारी शुक्राचं, गुरुवारी गुरूचं. वार आणि तारीख जुळत नसेल तर नक्कल करणाऱ्याचा हात कुठेतरी घसरला आहे, हे लगेच कळतं.

एक सावधगिरी. हा नियम लॉगबुकाला लागू आहे, पत्रांना नाही. वॉटसन केबिनमध्ये बसून पत्र लिहायचा तेव्हा वरची तारीख सामान्यतः जमिनीवरचीच असे. लॉगचा नियम पत्रांवर चालवला की घटना एक दिवस मागे सरकते, आणि छापील पुस्तकांतले अर्धेअधिक घोळ असेच झालेले आहेत.

तुलाँच्या लढाईची तारीख कुठे ११ फेब्रुवारी १७४३, कुठे ११ फेब्रुवारी १७४४, तर कुठे २२ फेब्रुवारी १७४४ अशी आहे. हाही दुपारच्या दिवसाचाच प्रकार का?

नाही, हे प्रकरण पंचांगाचं. १७५२ पर्यंत ब्रिटन जुलियन पंचांग पाळत होता आणि अठराव्या शतकात ते युरोपातल्या ग्रेगोरियन पंचांगाच्या ११ दिवस मागे होतं. शिवाय इंग्लंडात कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. वॉटसन 'ड्रॅगन' या जहाजावर कॅप्टन म्हणून या लढाईत होता. त्याच्या इंग्रज लेखनिकासाठी तो दिवस ११ फेब्रुवारी १७४३, फ्रेंच लेखनिकासाठी २२ फेब्रुवारी १७४४. जानेवारी ते २४ मार्चच्या इंग्रजी कागदांवर '१७४३/४' असं जोडवर्ष दिसलं तर दुसरा आकडा आजच्या पद्धतीचा समजावा.

१७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला आणि हा घोळ संपला. वॉटसन हिंदुस्थानाकडे निघाला १७५४ मध्ये, तेव्हा त्याच्या इथल्या पत्रांना ११ दिवसांची दुरुस्ती करायची नाही. काही अभ्यासक उत्साहाच्या भरात तीही करतात.

'रिअर अ‍ॅडमिरल ऑफ द ब्लू' म्हणजे निळ्या तुकडीचा प्रमुख का? आणि वॉटसन इतक्या लवकर वर कसा गेला?

एके काळी ताफ्याच्या लाल, पांढरी आणि निळी अशा तीन तुकड्या खरोखर असत. वॉटसनच्या काळात हे रंग ज्येष्ठतेच्या पायऱ्या होऊन बसले होते. निळा सर्वांत खालचा, मग पांढरा, मग लाल. रिअर अ‍ॅडमिरल तिन्ही रंग चढला की व्हाइस अ‍ॅडमिरल ऑफ द ब्लू होई आणि तिथून पुन्हा तीच चढण. त्यामुळे पत्रावरचा हुद्दा नीट टिपून ठेवावा. तारीख नसलेलं पत्र कोणत्या दोन बढत्यांच्या मधलं आहे, हे रंगावरून ठरवता येतं.

वर जाण्याचे टप्पे दोन प्रकारचे होते आणि त्यांचा हिशेब वेगवेगळा. कॅप्टनपदापर्यंत वशिला, लढाई, रिकामी झालेली जागा असं काहीही उपयोगी पडे. २० किंवा अधिक तोफांच्या, दर्जा ठरलेल्या जहाजाची नेमणूक मिळाली की अधिकारी 'पोस्ट कॅप्टन' होई आणि ती तारीख त्याला जन्मभर चिकटे. त्यानंतर अ‍ॅडमिरलपद यादीतल्या क्रमाने येई. वरचे मरत किंवा बढती घेऊन पुढे सरकत, तसा खालचा वर सरके. १७४७ नंतर अ‍ॅडमिरल्टीने, म्हणजे आरमाराचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने, एक पळवाट काढली. ज्यांना समुद्रावर पाठवायचं नाही अशा जुन्या कॅप्टनांना रिअर अ‍ॅडमिरलचा अर्धपगार देऊन, कोणत्याही रंगाविना घरी बसवायचं आणि यादीत त्यांच्या खाली असलेल्या हव्या त्या माणसाला उचलायचं.

आता वॉटसन. तो १७२८ मध्ये 'व्हॉलंटियर पर ऑर्डर', म्हणजे वरून चिठ्ठी आणून जहाजावर भरती झालेला मुलगा होता. १७३८ मध्ये, जेमतेम २४ व्या वर्षी, तो 'गार्लंड'चा कॅप्टन झाला. त्याचा मामा किंवा काका लागणारा सर चार्ल्स वेजर १७३३ ते १७४२ अ‍ॅडमिरल्टीचा मुख्य होता, हे या दोन तारखांच्या शेजारी लिहून ठेवलं की पुरे. तरीही सगळं श्रेय वेजरला देणं अन्यायाचं होईल. १७४७ च्या फिनिस्टेरच्या दोन्ही लढायांत वॉटसन 'प्रिन्सेस लुइझा'वर होता, आणि तोवर वेजर हयातही नव्हता.

लेफ्टनंटच्या परीक्षेला वयाची अट होती ना? मग अठरा वर्षांची मुलं लेफ्टनंट कशी होत?

अट होती. १६७७ पासून परीक्षा सुरू झाली. अठराव्या शतकात ६ वर्षांची समुद्रावरची नोकरी (त्यातली काही मिडशिपमन किंवा मेट या कनिष्ठ हुद्द्यांवर), कॅप्टनांची प्रशस्तिपत्रं, स्वतः लिहिलेले जर्नल आणि वयाची २० वर्षं पूर्ण, एवढं दाखवावं लागे. लंडनच्या नेव्ही ऑफिसात ज्येष्ठ अधिकारी समोर बसवून तोंडी परीक्षा घेत.

वय मात्र सहज वाकवलं जाई. होरेशिओ नेल्सनचा जन्म २९ सप्टेंबर १७५८ चा. ९ एप्रिल १७७७ ला तो पास झाला तेव्हा साडेअठराचा होता, आणि दाखल्यावर वीसच्या वर असल्याचं नमूद आहे. परीक्षकांच्या मंडळाचा प्रमुख मॉरिस सकलिंग हा त्याचा सख्खा मामा.

नोकरीची वर्षंही फुगवलेली असत. कॅप्टनला दर १०० माणसांमागे ४ 'नोकर' ठेवता येत आणि त्या जागांवर ओळखीपाळखीच्या मुलांची नावं लागत. मुलगा घरी धडे गिरवत असे आणि जहाजाच्या हजेरीपटावर त्याची वर्षं भरत असत. म्हणून दाखल्यावर विसंबू नये, बाप्तिस्म्याची नोंद आणि हजेरीपट दोन्ही पाहावेत. हजेरीपटावरच्या खुणा अशा: 'डी' म्हणजे जहाजावरून कमी केला, 'डीडी' म्हणजे मेला, 'आर' म्हणजे पळाला. 'डी' आणि 'डीडी'त गल्लत करून धडधाकट माणसाचं चरित्र मध्येच संपवलेलं आढळतं.

वॉटसनची अ‍ॅडमिरल्टीला लिहिलेली पत्रं फार कोरडी वाटतात. शेवटी 'आपला अत्यंत नम्र सेवक' हे वाक्य येतं, त्याचा काही अर्थ घ्यायचा का?

काहीही नाही, तो नुसता मायना आहे. पेशवे दप्तरातलं पत्र वाचताना 'विज्ञापना ऐसीजे' वर आपण अडत नाही, तसंच हे.

लक्ष द्यायचं ते पत्र कोणाला आहे याकडे. आरमारी अधिकारी अ‍ॅडमिरल्टीच्या लॉर्डांना थेट लिहीत नसे. पत्र सचिवाच्या नावे जाई आणि 'माझ्या लॉर्डसाहेबांना कळवावे' अशा वळणाने सुरू होई. वॉटसनच्या हिंदुस्थानातल्या काळात सचिव होता जॉन क्लेव्हलंड. पण डोलकाठी मोडली, शिडं फाटली तर पत्र नेव्ही बोर्डाला. खारवलेलं मांस कुजलं तर व्हिक्चुअलिंग बोर्डाला. तोफा आणि दारूगोळ्यासाठी ऑर्डनन्स बोर्डाला, जखमी-आजाऱ्यांसाठी आणखी वेगळ्या मंडळाला. एकाच आठवड्यातली चार पत्रं चार बाडांत विखुरलेली असतात. फक्त अ‍ॅडमिरल्टीचं बाड पाहिलं तर सेनापतीला रसदीची फिकीरच नव्हती, असा चुकीचा ग्रह होतो.

मूळ पत्र हाती आलं तर आधी खालचा कोपरा पाहावा. पत्राचा कोपरा दुमडून त्यावर लंडनच्या कचेरीत पत्र कधी मिळालं, त्याचं काय करायचं, उत्तर काय द्यायचं हे चार शब्दांत लिहिलेलं असतं. ही त्यांची मखलाशी. वॉटसनने दोन पानं कशासाठी खर्ची घातली आणि लॉर्डांनी ती किती शब्दांत निकालात काढली, हे तिथेच कळतं. छापील संग्रहात हा मजकूर बहुतेकदा गाळलेला असतो, आणि तो गाळला की पत्राचा जीवच जातो.

आणखी दोन शब्द ध्यानात ठेवा. तारखेपुढे 'इन्स्टंट' असेल तर चालू महिना, 'अल्टिमो' असेल तर मागचा महिना. आणि शब्दाच्या मध्ये 'एफ'सारखं दिसणारं अक्षर बहुधा लांब 'एस' असतं.

एकाच पत्राच्या तीन प्रती सापडतात आणि त्यांत किरकोळ फरक असतो. खरी कोणती?

तिन्ही खऱ्या असू शकतात. मद्रास किंवा मुंबईहून निघालेलं पत्र इंग्लंडात पोचायला साधारण सहा महिने लागत, आणि जहाज बुडालं किंवा फ्रेंचांच्या हाती पडलं तर ते पोचतच नसे. म्हणून मूळ प्रत एका जहाजाने, दुसरी दुसऱ्याने, आणि तातडीचा मजकूर असेल तर एक प्रत बसऱ्यावरून खुष्कीच्या मार्गाने जाई. दुसऱ्या प्रतीत वर 'दुसरी प्रत' अशी नोंद असते, कधी खाली ताजी पुरवणी जोडलेली असते. अ‍ॅडमिरलच्या पत्रवहीतली नक्कल निराळी. तिच्यावर सही नसते आणि ती चिटणिसाने उतरलेली असल्यामुळे आकड्यांच्या चुका तिच्यातच जास्त. लंडन गॅझेटात छापलेलं पत्र सगळ्यांत कमी भरवशाचं, कारण नको तो मजकूर छापण्याआधी काढून टाकलेला असतो.

या विलंबाचा परिणाम कागदांवर सतत जाणवतो. ब्रिटनने १७ मे १७५६ ला फ्रान्सशी युद्ध पुकारलं. ऑक्टोबरात वॉटसनचा ताफा मद्रासहून बंगालकडे निघाला तेव्हाही त्याच्यापाशी ती बातमी नव्हती. पत्र लिहिलं त्या दिवशी लिहिणाऱ्याला काय ठाऊक होतं, हे ठरवल्याशिवाय त्याच्या निर्णयावर शेरा मारू नये.

विजयदुर्गाच्या लुटीची वाटणी कशी झाली? क्लाइव्हला कमी मिळालं म्हणतात.

आधी समुद्रावरची रीत. १७०८ पासून जिंकलेल्या जहाजाच्या किमतीचे ८ भाग होत. ३ कॅप्टनचे, त्यांतला १ त्याच्या अ‍ॅडमिरलचा. १ लेफ्टनंट, मास्टर (जहाज हाकणारा) आणि मरीन कॅप्टन यांच्यात. १ वॉरंट अधिकाऱ्यांत. १ मिडशिपमन वगैरेंत. उरलेले २ सगळ्या खलाशांत.

८,००० पौंडांची लूट आणि एकच जहाज धरा. कॅप्टनला २,०००, अ‍ॅडमिरलला १,०००. दुसऱ्या वर्गात सहा जण असतील तर प्रत्येकी १६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. खलाशी ३०० असतील तर प्रत्येकी ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. तरबेज खलाशाचा महिन्याचा पगार २४ शिलिंग, म्हणजे हा साडेपाच महिन्यांचा पगार झाला. दलालाची कापाकापी यात धरलेली नाही.

विजयदुर्ग हा जमिनीवरचा किल्ला, आणि हल्ल्यात राजाचं आरमार, कंपनीची जहाजं आणि क्लाइव्हचं पायदळ असे सगळे सामील. ही रीत तिथे सरळ लागू होत नव्हती, म्हणून निघण्यापूर्वीच मुंबईत अधिकाऱ्यांची बैठक भरली आणि प्रमाण ठरलं. त्यात लेफ्टनंट कर्नल क्लाइव्हला जहाजाच्या कॅप्टनइतका वाटा धरला होता. पायदळाचे अधिकारी चिडले. त्यांचं म्हणणं, सेनापतीला अ‍ॅडमिरलांच्या पंक्तीला बसवा. वॉटसनने ठरलेलं प्रमाण बदलायला नकार दिला, पण आपल्या वाट्यातून भर घालून क्लाइव्हचा वाटा रिअर अ‍ॅडमिरल पोकॉकच्या बरोबरीचा करतो, असा प्रस्ताव ठेवला. क्लाइव्हने पुढे ते पैसे घेतले नाहीत.

लूट सुमारे दहा लाख रुपयांची निघाली. याच बैठकांमध्ये पेशव्यांच्या फौजेला वाटा द्यायचा नाही, हेही मनात पक्कं होतं. किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे मराठ्यांच्या स्वाधीन झाला, किल्ला मात्र इंग्रजांनी आत शिरून अडवला. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहाने बाणकोटच्या बदल्यात तो पेशव्यांना मिळाला. वॉटसनची पत्रं या मुद्द्यावर फार सभ्य आहेत. पेशव्यांची बाजू तपासायची तर पुण्याच्या दप्तराकडेच वळावं लागतं.

वॉटसन कंपनीचा नोकर होता का? क्लाइव्हशी त्याचे खटके का उडत?

तो राजाचा अधिकारी होता आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. २ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत घेतल्यावर त्याने राजाच्या पलटणीतल्या कॅप्टन आयर कूटला फोर्ट विल्यमचा गव्हर्नर नेमलं. क्लाइव्हने ती नेमणूक धुडकावली. मीही राजाची सनद असलेला लेफ्टनंट कर्नल आहे, कॅप्टनच्या हाताखाली उभा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. वॉटसनने किल्ल्यावर तोफा डागण्याची धमकी पाठवली. शेवटी कॅप्टन लॅथम मध्ये पडला. वॉटसन स्वतः आला तर त्याच्या हाती किल्ल्या देईन, असं क्लाइव्हने कबूल केलं. वॉटसन आला, किल्ल्या घेतल्या आणि कंपनीच्या प्रतिनिधींना दिल्या. दोघांचाही मान राहिला.

बंगालचा नवाब सिराज उद्दौला याला लिहिलेलं, गंगेच्या पाण्यानेही विझणार नाही अशी आग लावीन हे धमकीचं पत्र खरं आहे का?

हो, ते ४ मार्च १७५७ चं. पण ते एकटं वाचलं तर वॉटसन उतावळा वाटतो, आणि वस्तुस्थिती उलट आहे. चंद्रनगरच्या फ्रेंचांवर नवाबाच्या संमतीशिवाय हल्ला करायला तोच तयार नव्हता. क्लाइव्ह आणि कंपनीचे लोक घाई करत होते. नवाबाचं १० मार्चचं उत्तर आलं. त्याच्या शेवटी असं काहीसं होतं: शत्रू शुद्ध मनाने शरण आला तर त्याला जीवदान द्यावं, पण त्याच्या हेतूची खात्री पटत नसेल तर तुम्हाला योग्य वाटेल ते करा. वॉटसनने ही संमती मानली. नवाबाने नंतर हात वर केले. पत्रं फारसीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून फारसीत होत होती, तेव्हा एका संदिग्ध वाक्यावर सगळं टेकलं होतं. २३ मार्चला चंद्रनगर पडलं.

अमीचंदला दाखवलेल्या खोट्या तहावर वॉटसनची सही आहे. म्हणजे तोही फसवणुकीत सामील?

सहीचा कागद आणि सही करणारा हात वेगळे आहेत. अमीचंद हा नवाबाविरुद्धच्या कटात सामील असलेला कलकत्त्याचा व्यापारी. नवाबाच्या जागी बसवायच्या मीर जाफरशी केलेल्या कराराच्या दोन प्रती होत्या: पांढऱ्या कागदावर खरी, लाल कागदावर खोटी. लालमध्ये अमीचंदला पैसे देण्याचं कलम. वॉटसनने खऱ्या करारावर सही केली, लाल कागदावर करायला नकार दिला. मग त्याचं नाव तिथे दुसऱ्याच्या हाताने, हेन्री लशिंग्टनकडून, घातलं गेलं. पुढे पार्लमेंटच्या समितीपुढे क्लाइव्हने सांगितलं की वॉटसनने सही केली नाही, पण आपलं नाव घालायला हरकत घेतली नाही, असं आपल्याला वाटतं. तोवर वॉटसन मरून पंधरा वर्षं झाली होती. तो १६ ऑगस्ट १७५७ ला कलकत्त्यातच वारला. तेव्हा संमतीचा पुरावा एका बाजूच्या तोंडचा आहे, नकार मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

सही किंवा हस्ताक्षरावरून पत्राचा काळ ठरवता येतो का?

कधी कधी अगदी नेमका. नेल्सनचा उजवा हात जुलै १७९७ मध्ये टेनेरिफला गेला. त्यानंतरचं अक्षर डाव्या हाताचं आहे, वळण आणि कल दोन्ही बदललेले. त्याआधीच्या तारखेचं डाव्या हाताचं पत्र कोणी दाखवलं तर खिसा सांभाळावा. वॉटसनच्या बाबतीत मात्र मजकूर चिटणिसाचा आणि सही त्याची असंच बहुतेक वेळा आढळतं, त्यामुळे मजकुराच्या अक्षरावरून काही ठरवू नये.

मूळ कागद कुठे पाहायला मिळतील?

लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये. 'एडीएम १' या मालिकेत अ‍ॅडमिरल्टीकडे आलेली पत्रं आहेत. अ‍ॅडमिरलांची पत्रं ठाण्यानुसार लावली आहेत, म्हणून वॉटसनसाठी ईस्ट इंडीजचं बाड मागवावं. कॅप्टनांची पत्रं आडनावाच्या आद्याक्षराने आहेत, तेव्हा १७४८ च्या आधीचा वॉटसन 'डब्ल्यू'मध्ये सापडेल. 'एडीएम ५१' मध्ये कॅप्टनांचे लॉग, '५२' मध्ये मास्टरांचे, '३६' मध्ये हजेरीपट. लेफ्टनंटांचे लॉग ग्रिनिचच्या नॅशनल मरिटाइम म्युझियममध्ये आहेत. एकाच दिवसाचे हे तिन्ही लॉग शेजारी ठेवावेत. वाऱ्याची दिशा आणि तोफांची वेळ मास्टरच्या लॉगमध्ये बहुधा सर्वांत काटेकोर असते, कारण जहाज हाकण्याची जबाबदारी त्याची. मुंबई सरकारची बाजू महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागाराच्या मुंबईतल्या दप्तरात मिळेल. तिथे किल्ल्याचं नाव 'विजयदुर्ग' म्हणून शोधू नका. घेरियाच्या निरनिराळ्या इंग्रजी स्पेलिंगांनी शोधा.